खबऱ्या, हस्तक आणि कायदा : चापेकर प्रकरण ते न्यूबर्ग

द्रविड बंधूंचे नाव निघाले की मराठी वाचकाला फितुरी हा एकच शब्द आठवतो. वारणेच्या उत्तर तीरावरील वाळवा-शिराळा भागातही, १९४३ ते १९४६ या प्रतिसरकारच्या काळात, खबऱ्याला दरोडेखोराच्याच पंक्तीत बसवले गेले. हा निवाडा नैतिक आहे. तपास कसा झाला, हे त्यातून कळत नाही. प्रस्तुत लेखात गुन्ह्याची खबर देणारा आणि गुन्हा घडवून आणणारा यांतील भेदाचा विचार केला आहे.

२२ जून १८९७ रोजी रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परतताना, पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला. सरकारने २०,००० रुपयांचे बक्षीस लावले. पोलीस अधिकारी ब्रुइन याच्या हाती अखेर गणेश आणि रामचंद्र द्रविड यांची माहिती लागली व दामोदर चापेकर पकडले गेले. १८ एप्रिल १८९८ रोजी त्यांना येरवड्यात फाशी झाली.

द्रविडांना बक्षिसाचा लोभ होता, हे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. कट त्यांनी रचला नव्हता, शस्त्रे पुरवली नव्हती. गुन्हा आधी घडला, खबऱ्या नंतर आला. या प्रकरणात खरा सापळा लागला तो उलट दिशेने : ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनी साहेबाने बोलावल्याचा खोटा निरोप देऊन द्रविड बंधूंना घराबाहेर काढले आणि गोळ्या घातल्या. वासुदेव, रानडे व बाळकृष्ण चापेकर यांना मे १८९९ मध्ये फाशी झाली. (नचिकेत व जयू पटवर्धन यांच्या १९७९ च्या चित्रपटामुळे ही कथा नव्या पिढीपर्यंत पोहोचली.)

त्या काळचा कायदा मात्र बारकाईने पाहण्याजोगा आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसापुढील कबुलीजबाब अग्राह्य ठरवला, आमिष किंवा धमकी देऊन घेतलेलाही. पण कलम २९ नुसार एरवी ग्राह्य असलेली कबुली केवळ फसवणुकीने मिळवली म्हणून बाद होत नसे. आमिष नको, फसवणूक चालेल! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद टिकून आहे. दुसरीकडे, महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने पोलीस अधीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य केली, म्हणजे जुनी एक भिंतही काढली.

फसवून कबुली घेणे वेगळे आणि फसवून गुन्हा करवणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराविषयी आपल्याकडे स्वतंत्र कलम नाही. लाचेच्या सापळ्यासंदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शिव बहादूर सिंग खटल्यात नापसंती नोंदवली : लाच देणाऱ्याकडे पैसाच नसताना पोलिसांनी तो पुरवून लाच घडवून आणणे समर्थनीय नाही. २०१४ च्या रजत प्रसाद खटल्यात न्यायालयाने परदेशी निवाड्यांची चर्चा केली, तरी हा बचाव कायद्यात रूढ झाला नाही.

दहशतवादविरोधी कारवाईत हा प्रश्न किती टोकाला जातो, हे 'द न्यूबर्ग स्टिंग' (२०१४) या अमेरिकी माहितीपटात दिसते. २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील न्यूबर्ग येथील चार गरीब माणसांना प्रार्थनास्थळांवर बॉम्ब ठेवण्याच्या आरोपावरून अटक झाली. योजना, निकामी स्फोटके आणि अडीच लाख डॉलरचे आमिष हे सारे एफबीआयच्या खबऱ्याकडून आले होते. येथे क्रमच उलटला : आधी खबऱ्या, मग गुन्हा. तरीही ज्यूरीने सापळ्याचा बचाव फेटाळला. २०११ मध्ये प्रत्येकास २५ वर्षांची शिक्षा झाली. ती शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीश कोलीन मॅकमाहन यांनीच २०२३ मध्ये, कटाचा खरा सूत्रधार सरकारच होते असे नमूद करून, तिघांच्या सुटकेचा आदेश दिला. चौथ्याला जानेवारी २०२४ पर्यंत थांबावे लागले.