वैश्लेषिक तुला
रासायनिक विश्लेषणासाठी ०.१ मिलिग्रॅमपर्यंतचा फरक दाखवणारे वजनमापक उपकरण. जुन्या तुलेची दांडी अकीकाच्या सुरीधारेवर टेकलेली असे. आधुनिक तुलेत विद्युत्‌चुंबकीय बल पारड्यावरील भार तोलून धरते व त्यासाठी लागणाऱ्या प्रवाहावरून वजन कळते. तुला कंप न पावणाऱ्या जड ओट्यावर, वारा व ऊन टाळून ठेवतात. पायांचे स्क्रू फिरवून पाणसळीतील बुडबुडा मध्यभागी आणतात, उपकरण काही वेळ चालू ठेवतात आणि मग प्रमाणित वजनाने अंशशोधन करतात. गुरुत्वीय त्वरण स्थानपरत्वे बदलत असल्याने जागा बदलल्यास अंशशोधन पुन्हा करावे लागते. वाचन काचेची दारे लावूनच घेतात. गरम पात्राभोवतीची हवा वर चढून वजन कमी भरते; म्हणून ते शुष्कनपात्रात थंड करून तोलतात.