ऋण भाव आणि सौद्याचे प्रमाण : खनिज तेलाच्या वायद्यातील एक प्रसंग

‘वायदा’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ वचन असा आहे. व्यापाराच्या भाषेत मात्र वायदा ‘घेतला’ वा ‘विकला’ जातो, आणि या क्रियापदांमुळे तो जणू एखादा जिन्नसच होय, असा समज रूढ होतो. जिन्नस घेणाऱ्याचे नुकसान फार तर त्याच्या किमतीइतके असते. वचनाने बांधल्या गेलेल्याच्या दायित्वास अशी मर्यादा असतेच असे नाही. हा भेद विसरल्यास काय घडते, ते एप्रिल २०२० मध्ये खनिज तेलाच्या बाजारात दिसून आले.

न्यूयॉर्कच्या नायमेक्स बाजारात १९८३ साली सुरू झालेला वेस्ट टेक्सास इंटरमीजिएट तेलाचा वायदा १,००० पिंपांचा असतो. मुदतीअखेर तो हाती ठेवणाऱ्यास ओक्लाहोमा राज्यातील कुशिंग येथे तेल ताब्यात घ्यावे लागते. कोविडच्या साथीने तेलाचा खप एकाएकी घटला आणि कुशिंगच्या टाक्यांत जागा मिळेनाशी झाली. मे महिन्याच्या वायद्याची मुदत २१ एप्रिलला संपत होती. साठवणुकीची सोय नसलेल्यांना पदरचे पैसे देऊन सुटका करून घ्यावी लागली. २० एप्रिलला पिंपामागे उणे ३७.६३ डॉलर हा अखेरचा भाव ठरला.

मुंबईच्या एमसीएक्स बाजारातील वायदा १०० पिंपांचा होता. त्यात तेलाची देवघेव नसे. नायमेक्सच्या भावावरून रोखीने हिशेब पुरा होई. तेथील एप्रिलचा वायदा २० तारखेसच संपत होता. टाळेबंदीमुळे व्यवहार सायंकाळी ५ वाजता थांबले, तेव्हा भाव ९६५ रुपयांच्या आसपास होता. न्यूयॉर्कचा भाव शून्याखाली गेला तो भारतीय वेळेनुसार रात्री उशिरा. पुढे हिशेबाचा अंतिम भाव उणे २,८८४ रुपये ठरविण्यात आला व हा वाद न्यायालयापर्यंत गेला.

रूढ नियमाने या घटनेची परीक्षा करता येते. एका सौद्यात भांडवलाच्या २ टक्क्यांहून अधिक तोटा पत्करू नये, असा तो नियम. ५ लाख रुपये भांडवल असलेल्या व्यापाऱ्याने पिंपामागे १०० रुपयांवर स्टॉप लॉस ठरविला, तर १०० पिंपांच्या एका वायद्यात त्याची जोखीम १०,००० रुपये, म्हणजे बरोबर २ टक्के होते. गणित निर्दोष आहे. परंतु ५ वाजल्यानंतर स्टॉप लॉस अमलात येण्यास बाजारच उघडा नव्हता. ९६५ पासून उणे २,८८४ पर्यंतचा फरक ३,८४९ रुपये. एका वायद्याचा तोटा ३,८४,९०० रुपये. भांडवलाचे तीन चतुर्थांशाहून अधिक गेले, आणि वायद्याची संपूर्ण किंमत तर अवघी ९६,५०० रुपये होती.

सप्टेंबर २०२० मध्ये सेबीने शून्यानजीकच्या व ऋण भावांसाठी जोखीम-व्यवस्थापनाची पर्यायी चौकट घालून दिली. तथापि नियमांनी व्यापाऱ्याचा विवेक अनावश्यक ठरत नाही. त्याच २० एप्रिलला न्यूयॉर्कचा जूनचा वायदा २० डॉलरांच्या वर बंद झाला होता. धोका केवळ तेलात नव्हता. तो संपत आलेल्या मुदतीत आणि बंद असलेल्या बाजारात होता. म्हणून सौद्याचे प्रमाण ठरविताना ‘कोणत्या भावास बाहेर पडू’ एवढाच प्रश्न पुरेसा नाही. ‘बाहेर पडताच आले नाही तर किती देणे लागेल’ हा प्रश्न त्याच्या आधी विचारला पाहिजे.