शेवटचे कडवे

एप्रिल उजाडला की नांदेड-लातूरकडे एक वाद हमखास रंगतो. चौदा तारखेच्या मिरवणुकीत डीजेपुढे नाचणारी पोरे एकीकडे, आणि वामनदादा कर्डक व प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्यांवर वाढलेली, आता साठी ओलांडलेली मंडळी दुसरीकडे. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की गाणे गेले आणि गोंगाट उरला. पोरांचे उत्तर असे की तुमचेच गाणे आम्ही वाजवतो, फक्त मोठ्याने. आम्हांस दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या वाटतात. का, ते पाहण्यासाठी भीमगीतांचा इतिहास थोडा चाळावा लागेल.

जुन्या गाण्याच्या शुद्धतेची कल्पना आधी बाजूला ठेवू. 1930 च्या दशकातले आंबेडकरी जलसे तमाशाच्या बाजानेच उभे राहिले. पुढे भीमगीतांनी सिनेमाच्या लोकप्रिय चाली उचलल्या, कव्वालीचा सामना उचलला, बेंजो आणि ढोलकी उचलली. कंधारसारख्या दर्ग्याच्या गावांमुळे कव्वालीचा ठेका या भागाच्या कानाला नवा नव्हताच. तेव्हा आजची पोरे उसन्या चालींवर नाचतात ही तक्रार इतिहासात टिकत नाही. उसनी चाल हा या गाण्याचा दोष नव्हता, ती त्याची युक्ती होती. चाल लोकांच्या ओठांवर आधीच असे. शब्द तेवढे नवे भरायचे.

आणि शब्दांना काम होते. 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेले वामनदादा प्रौढपणी, मुंबईत कष्टाची कामे करता करता अक्षरे शिकले. 1943 मध्ये त्यांनी गीतलेखन आरंभिले आणि पुढची सहा दशके गावोगाव फिरून ते गात राहिले. ज्यांच्यासमोर ते गात, त्यांतील कित्येकांना अक्षरओळख नव्हती. मराठवाडा तर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. शाळा थोड्या, आणि दलित वस्तीपासून त्या आणखी दूर. अशा ठिकाणी गाणे हेच वर्तमानपत्र होते आणि पाठ्यपुस्तकही. महाडला काय घडले, संविधान म्हणजे काय, हे अनेकांनी प्रथम ऐकले ते गाण्यातून.

नामांतराच्या लढ्यात हे काम अधिक निकडीचे झाले. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्याच ऑगस्टमध्ये मारले गेले. 25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन लातूरची महाविद्यालयेही तिकडे गेली. म्हणजे ज्या विद्यापीठाच्या नावासाठी या जिल्ह्यांनी रक्त सांडले, त्याचे कार्यक्षेत्र लगेचच या जिल्ह्यांवरून उठले. लढ्याची स्मृती जपायला येथे गाण्यांचा आधार म्हणूनच मोठा.

गाण्याचा कायापालट डीजेने केला असे मानले जाते. आमच्या मते तो त्याआधी कॅसेटने सुरू केला. 1980 च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. प्रल्हाद शिंदे आणि त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद यांचे आवाज खेडोपाडी पोहोचले. रात्रभर चालणारा सामना कॅसेटच्या एका बाजूत बसेना. गायकाचे नाव मोठे झाले, कवीचे बारीक अक्षरांत गेले. 2004 या एकाच वर्षी वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही निवर्तले; तोवर हा बदल पुरा झाला होता.

डीजेने त्यापुढचे पाऊल टाकले. तो मुखडा घेतो, ठेका वाढवतो आणि पुढच्या गाण्यावर उडी मारतो. वाचकांना ठाऊक असेलच की संतकवींप्रमाणे वामनदादाही गीताच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. डीजेचे गाणे त्या कडव्यापर्यंत पोहोचतच नाही. कवीची सही तेथेच गळून पडते, आणि बहुधा गाण्याचा युक्तिवादही, कारण तो हळूहळू बांधत शेवटी आणलेला असतो.

तरीही पोरांना दोष देऊन मोकळे होणे आम्हांस पटत नाही. गाण्याचे जुने काम आता शाळा, महाविद्यालय आणि फोन यांनी उचलले आहे; आजच्या पोरास संविधान गाण्यातून कळावे लागत नाही. त्यास हवा आहे रस्ता. 2023 मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेली येथे एका तरुणाचा खून झाला, आणि गावात जयंती काढल्याचा राग हे त्यामागचे कारण असल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला. जेथे मिरवणूक काढणे हेच धाडस ठरते, तेथे आवाज मोठा करण्यास एक अर्थ असतो. कानठळ्यांची तक्रार खरीच आहे, तिच्यासाठी 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियमही आहेत. पण त्या तक्रारीआड हा अर्थ दडपू नये.

नव्या साधनांत शब्द मरतोच असेही नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर गातात आणि त्यांना प्रसिद्धी मिळाली ती फोनवरच्या चित्रफितींतून. सर्वांत जुने वाद्य सर्वांत नव्या साधनावर चालले, आणि ते ऐकणाऱ्यांत ही पोरेही आहेतच.

असो. वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच, की गेलेल्या सुरांसाठी हळहळण्याऐवजी त्यांनी आपल्याला पाठ असलेली शेवटची कडवी लिहून, नाहीतर फोनवर गाऊन ठेवावीत. ती छापील संग्रहांत सगळी नाहीत. आणि पोरांस विनंती, की डीजे बंद करण्याआधी एक गाणे अखेरपर्यंत वाजू द्यावे, म्हणजे ते कोणी लिहिले हे चौकात उभ्या असलेल्या लहान मुलासही कळेल.