दहा वर्षांचा विश्वास

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही जुनी, माहितीपर हकीकत लिहून द्यावी, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी विदुषी नव्हे. पण मंडळाची खजिनदार म्हणून माझ्या हातून एकदा एक चूक घडली, आणि त्या चुकीनेच मला हा इतिहास वाचावयास लावले. म्हणून दोन्ही एकत्रच सांगते.

काही वर्षांमागे शेजारच्या वस्तीतील शिवणवर्गाला आपण मदत द्यायचे ठरविले. मी हट्टाने अट घातली की, पैसा तिमाही हप्त्यांनी आणि प्रत्येक पावती पाहूनच सुटेल. वर्ग चालविणारी बाई मोठी उद्योगी, पण कागदोपत्री कच्ची. एक पावती हरवली म्हणून मी तिसरा हप्ता अडविला. जागेचे भाडे थकले आणि वर्ग बंद पडला. माझा हिशेब मात्र पैनपै बरोबर होता!

त्यानंतर पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती आले. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई 1886 साली अमेरिकेस गेल्या. 1887 साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले व गावोगाव व्याख्याने दिली. त्या वर्षाच्या डिसेंबरात बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. विधवांच्या शाळेचा खर्च या संस्थेने दहा वर्षे चालविण्याचे पत्करले. शाळा अजून उघडायची होती, एकही मुलगी आलेली नव्हती, आणि वचन मात्र दहा वर्षांचे!

हा पैसा कोणा एका धनिकाचा नव्हता. ठिकठिकाणी रमाबाईंच्या नावाची लहान लहान मंडळे निघाली आणि त्यांच्या सभासदांनी वर्षाला निदान एक डॉलर याप्रमाणे दहा वर्षे देण्याचे कबूल केले. मैत्रिणीने मैत्रिणीस ओढावे, असा तो प्रकार. शाळेने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावे, ही मोठी अट होती. वर्षाकाठी बाईंचा अहवाल जाई आणि तेथील सभेत वाचला जाई.

11 मार्च 1889 रोजी मुंबईस ‘शारदा सदन’ उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे शिकणाऱ्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. 1893 साली त्यांचा विवाह धोंडो केशव कर्व्यांशी झाला. त्याच पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. अण्णा कर्व्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 साली हिंगण्यास त्याची झोपडी उभी राहिली. आश्रमासाठी वर्गणी मागत फिरणाऱ्या पार्वतीबाई आठवले या बायांच्या सख्ख्या बहीण. बोस्टनच्या सभेत अहवाल ऐकणाऱ्या स्त्रियांना ही पुढची हकीकत कोणत्या रकान्यात दिसली असती?

पण भगिनींनो, गोष्ट इतकी गोड नाही. 1893 साली शारदा सदनावर वादळ आले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या. आपल्या खोलीत त्या प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसू लागल्या. सक्ती नव्हती, मनाईही नव्हती. ही तटस्थता की प्रभाव, यावरून वृत्तपत्रांत रणे माजली. न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

पूर्वी मी हे प्रकरण बोस्टनवाल्यांच्या बाजूने वाचत असे. आता वाटते, येथे देणगीदार दोन होते. एकाने डॉलर दिले. दुसऱ्याने आपली विधवा लेक किंवा बहीण दिली. दुसऱ्याचे देणे कितीतरी मोठे, म्हणून त्याची भीतीही मोठी. तिला नुसते अज्ञान म्हणून चालणार नाही.

या वेळी बोस्टनच्या संस्थेने काय केले? तिने मदत थांबविली नाही. तिच्या कार्यकारी समितीच्या प्रमुख जुडिथ अँड्र्यूज स्वतः समुद्र ओलांडून पुण्यास आल्या आणि सदन डोळ्यांनी पाहून गेल्या. दहा वर्षांचे वचन पाळले गेले. 1898 साली मुदत सरली, तेव्हा रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या. जुन्या संस्थेच्या जागी नवी संस्था उभी राहिली आणि मदत चालू राहिली.

हे वाचले आणि माझी मलाच लाज वाटली. त्या बाई हजारो मैलांवरून आल्या. मी चार गल्ल्या ओलांडून त्या शिवणवर्गात एकदाही गेले नव्हते. गेले असते तर पावती हरवलेली दिसली असती, पण चालणारी यंत्रेही दिसली असती.

विश्वास म्हणजे डोळे मिटून पैसे देणे नव्हे. हिशेब हवाच; पण हिशेब मागणारीने आधी उंबरठा ओलांडावा, अडचण विचारावी, जमाखर्च येत नसेल तर शेजारी बसून शिकवावा. आणि शब्द द्यायचा तो वर्षादोन वर्षांचा नव्हे. बी रुजून रोप उभे राहीपर्यंतचा.

यंदा एका बालवाडीचा अर्ज आपल्यापुढे आहे. तीन वर्षांची मदत एकदम मंजूर करावी, वर्षाला एकच साधा अहवाल घ्यावा आणि आपल्यापैकी दोघींनी दरमहा तेथे जाऊन बसावे, अशी सूचना मी सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. त्या दोघींपैकी एक मी असेन. तो शिवणवर्ग काही परत येणार नाही. पण दुसरे एखादे दार माझ्यामुळे बंद होऊ नये, एवढीच इच्छा.