लॉग, ब्लॉग आणि न आलेली मेल

आपला 'ब्लॉग' हा शब्द 'वेबलॉग'चा तुकडा, आणि त्यातला 'लॉग' थेट समुद्रावरचा. खलाशी दोरीला लाकडाचा ओंडका बांधून पाण्यात टाकत, ठरावीक वेळात किती दोरी सुटली यावरून जहाजाचा वेग काढत आणि वहीत लिहीत. हेच लॉगबुक. किनाऱ्यावर बसलेल्या मालकाला जहाजावर काय घडलं, हे नंतर कळायचं ते या वहीतून.

संगणकालाही अशी वही लागते. वेबसाइटवर बटण दाबून काही चुकलं, तर माणूस लगेच ओरडतो. पण मेल पाठवणं, रात्री बॅकअप घेणं ही कामं पडद्यामागे चालतात. तिथे ओरडायला कोण असणार?

ठरल्या वेळी आपोआप काम करणारं 'क्रॉन' १९७९ च्या युनिक्समध्ये होतं. काम करताना जे काही छापलं जाईल ते मालकाला मेल करायची सोयही पुढे त्यात आली. १९८० च्या दशकात बर्कलीत एरिक ऑलमनने 'सिसलॉग' लिहिलं. वेगवेगळ्या प्रोग्रामच्या नोंदी एका जागी, त्याही निकडीप्रमाणे लावलेल्या! म्हणजे वही आली, टपालही आलं. मग अडलं कुठे?

३१ जानेवारी २०१७. गिटलॅबच्या एका इंजिनिअरने भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले. बॅकअप बघायला गेले, तर जागा रिकामी! डेटाबेस होता ९.६ आवृत्तीचा, बॅकअपचं काम चालवत होतं ९.२ चं साधन, त्यामुळे ते दर वेळी फसत होतं. क्रॉन बिचारा इमानदारीत तशी मेल पाठवत होता, पण पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही म्हणून मेल दारातूनच परत जात होती. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावलं. तरी सुमारे ५,००० प्रकल्पांना आणि ७०० नव्या खात्यांना फटका बसलाच. गिटलॅबने हे सगळं स्वतःच जाहीर लिहिलं, हे मात्र मानलं पाहिजे.

मला यातून एवढंच कळतं, की फक्त चुका लिहिणारी वही अपुरी. काम सुरू झालं, संपलं, किती झालं, हेही रोज लिहायला हवं, आणि ती ओळ आली नाही की कुणीतरी उठून बघायला हवं. गावाहून रोज येणारा फोन एक दिवस आला नाही, तर आपण "सगळं ठीकच असेल" म्हणून झोपतो का?