ॲप मिनिटांचे तास कसे करते?

समजा, नाशिक-मुंबई प्रवासाला 225 मिनिटे लागणार आहेत. ॲप या आकड्याला 60 ने भागते: भागाकार 3, बाकी 45. झाले ‘3 तास 45 मिनिटे’. खरी गोम पुढेच आहे. मराठीत 1 तास, 2 तास. पण 1 मिनिट, 2 मिनिटे. म्हणून अँड्रॉइडमध्ये ‘प्लुरल्स’ वापरून दोन्ही रूपे वेगळी लिहितात, नाहीतर स्क्रीनवर ‘1 मिनिटे’ दिसते. ‘पूर्वी’ जोडताच ‘5 मिनिटे’ बदलून ‘5 मिनिटांपूर्वी’ होते. त्यामुळे सुटे शब्द चिकटवू नयेत, भाषांतरासाठी पूर्ण वाक्यच द्यावे. बाकी नाशिककर सरळ ‘पावणेचार तास’ म्हणतो! सव्वा, दीड, अडीच हवे असतील, तर ते नियम प्रोग्रामरने स्वतः लिहायचे.