आर्चीची फेरिस्त
रेल्वेच्या वेळेपासून औषधाच्या मात्रेपर्यंत सारे काही शोधयंत्राला विचारण्याची जी सवय आज घरोघरी जडली आहे, तिचा उगम १९९० साली माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात ॲलन एम्टेज या बार्बाडोसच्या विद्यार्थ्याने रचलेल्या ‘आर्ची’त सापडतो. सार्वजनिक संगणकांवरील फायलींच्या याद्या वेळोवेळी आणवून त्यांची एकच फेरिस्त करणे, एवढाच त्याचा कारभार. आतला मजकूर त्याला अगम्य असल्यामुळे, एखाद्या फाइलीला कोणी विक्षिप्त नाव दिले (आणि असे महाभाग तेव्हाही विपुल होते), की ती दप्तरातून गहाळ झाल्यातच जमा. पुढे १९९५ च्या अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राने वेबवरील पानांतील शब्दन्‌शब्द धुंडाळला. तर १९९८ साली स्थापन झालेल्या गूगलने, किती आणि कोणत्या मातब्बर पानांनी निर्देश केला यावरून पानाची प्रतिष्ठा ठरवली, जी रीत मला विद्वत्सभेपेक्षा दरबाराला अधिक शोभणारी वाटते.